पीतज्वराची लस आणि असिबीचे रक्त

घानाला जायचे म्हटले की पीतज्वराच्या लशीचा दाखला मागतात. 'एका कागदासाठी एवढी धावपळ कशाला?' असे तुम्हाला वाटेल. पण त्या कागदामागे मोठी किंमत मोजलेली आहे.

१९२७ साली घानात, म्हणजे तेव्हाच्या गोल्ड कोस्टमध्ये, असिबी नावाच्या रुग्णाचे रक्त माकडाला टोचले आणि पीतज्वराचा विषाणू हाती लागला. असिबी बरा झाला. पण हे संशोधन करणारे डॉ. स्टोक्स त्याच वर्षी लागोसला याच तापाने दगावले. मे १९२८ मध्ये आक्रा येथे डॉ. नोगुची आणि पाठोपाठ डॉ. यंगही गेले. पुढे असिबीच्याच विषाणूपासून मॅक्स थायलर आणि सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये लस बनवली. आजही तीच वापरतात.

लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी, मान्यताप्राप्त केंद्रातच घ्या. गरोदरपण, अंड्याची ॲलर्जी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील तर आधी सांगा. दाखला जपून ठेवा; भारतात परतताना तो नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते.

आणि ही लस मलेरिया रोखत नाही. त्यासाठी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या आणि मच्छरदाणी हवीच. परतल्यावर ताप आला, तर प्रवासाचे आधी सांगा.