लाईटीची कुळकथा

धाराशिव जिल्ह्यात कुणी ‘लाईट आली का?’ विचारलं, तर तो दिव्याची चौकशी करत नसतो. त्याला मोटर चालू करायची असते. इथे लाईट म्हणजे वीज. रात्रीची लाईट म्हणजे बॅटरी घेऊन अंधारात दारं धरायला जाणं. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत एकूण किमतीच्या 10 टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी 5 टक्के) भरून बांधावर सोलरच्या प्लेटा उभ्या राहिल्या, कौडगावला महानिर्मितीचा 50 मेगावॅटचा सौर प्रकल्प झाला आणि त्या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच जागी भेटले. उजेडातून वीज.

ही सोयरीक जुळली ती मात्र भांडणातून: प्रकाश लहर की कण?

1887 मध्ये जर्मनीत हाइनरिश हर्ट्झ प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे हे सिद्ध करण्याच्या खटपटीत होता. त्यातच त्याला दिसलं, की अतिनील किरण पडले की धातूच्या गोळ्यांमधली ठिणगी सहज उडते. लहरीचा विजय होत असतानाच तिच्या विरोधातला साक्षीदार त्याच टेबलावर येऊन बसला होता. प्रकाश धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढतो, हे पुढे उलगडलं. 1902 मध्ये फिलिप लेनार्डने गोंधळ वाढवला: प्रकाश प्रखर केला तर इलेक्ट्रॉन जास्त निघतात, पण त्यांचा वेग वाढत नाही.

चिंचेचं झाड डोळ्यांपुढे आणा. लहर म्हणजे वारा. जोर वाढला की फांदी जास्त हलावी, चिंच जास्त जोरात सुटावी. प्रत्यक्षात गंमत वेगळी. मूठभर वाळू कितीही भिरकावली तरी चिंच पडत नाही, नेमका एक दगड बसला की पडते. धातूपुढे तांबड्या प्रकाशाची अवस्था बहुधा वाळूसारखी, अतिनीलाची दगडासारखी. 1905 मध्ये आइनस्टाइनने हेच गणितात मांडलं: प्रकाशाची ऊर्जा सुट्या पुंजांत येते आणि पुंज केवढा, हे कंपनसंख्येवर ठरतं.

रॉबर्ट मिलिकनला हे पटेना. त्याने वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि 1916 पर्यंत आइनस्टाइनचं समीकरण अचूक ठरवून ठेवलं! पुंजाला ‘फोटॉन’ हे नाव रूढ झालं ते गिल्बर्ट लुईसच्या 1926 मधल्या पत्रानंतर.

प्लेटेची वंशावळ जराशी चुलत आहे. तिथे इलेक्ट्रॉन बाहेर उडत नाही, सिलिकॉनच्या आतच मोकळा होऊन वाहू लागतो. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने 1954 मध्ये दाखवलेला असा सौर घट सुमारे 6 टक्के ऊन विजेत बदलत होता. नियम मात्र तोच. फोटॉनची ऊर्जा सुमारे 1.1 इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा कमी असेल, तर तो कितीही संख्येने आला तरी वीज नाही. शिवाय प्लेटेला उजेड हवा, उकाडा नको. मे महिन्यात ती तापली, की दर 10 अंशांमागे साधारण 4 टक्के वीज घटते.

मग लहर हरली का? अनेक प्लेटा निळसर दिसतात, त्याचं कारण सिलिकॉनवरचा सुमारे 75 नॅनोमीटर जाडीचा लेप. त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात, प्रकाश वाया न जाता आत शिरतो. निळा तेवढा थोडा परततो. म्हणजे परांड्याच्या शेतातल्या प्लेटेवर ऊन लहर म्हणून उतरतं, आत कण म्हणून इलेक्ट्रॉनला धक्का देतं आणि पलीकडे विहिरीवरची मोटर पाणी ओढू लागते.