युबारी: कोळसा संपला, बिल राहिलं

जपान म्हटलं की आपल्याला बुलेट ट्रेन आणि शिस्त आठवते. पण त्याच जपानमध्ये एका नगरपालिकेचं दिवाळं निघालं. होक्काइदो बेटावरचं हे शहर म्हणजे युबारी.

१८९० च्या सुमारास इथे कोळशाच्या खाणी सुरू झाल्या आणि डोंगरात गाव वसलं. १९६० साली लोकसंख्या एक लाखाच्या वर होती. मग देशाने कोळसा सोडून आयातीच्या तेलाची वाट धरली. खाणी एकेक करून बंद पडू लागल्या. ऑक्टोबर १९८१ मध्ये एका खाणीत वायू बाहेर पडून आग लागली. ९३ जण गेले. आग विझेना, तेव्हा आत माणसं अडकलेली असतानाच खाणीत पाणी सोडावं लागलं. शेवटची खाण १९९० मध्ये बंद झाली.

कंपन्या निघून गेल्या. कामगारांची घरं, दवाखाना, सगळं पालिकेच्या गळ्यात पडलं. पालिकेने मग पर्यटनाचा मार्ग धरला. मनोरंजन पार्क, संग्रहालय, हॉटेल, स्कीइंग, सगळं कर्ज काढून.

खरी मेख हिशेबात होती. तिथेही आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, पण जुन्या वर्षाचे हिशेब मे अखेरपर्यंत उघडे असतात. त्या दोन महिन्यांत नव्या वर्षाचा पैसा वळवून जुनी तूट भरलेली दाखवायची आणि नवा खड्डा बँकेच्या अल्पमुदतीच्या कर्जाने बुजवायचा. कागदावर सगळं ठीक! हा खेळ वर्षानुवर्षं चालला. २००६ मध्ये भांडं फुटलं. फेडायची रक्कम निघाली सुमारे ३,५३० कोटी येन, आणि तेव्हा गावात माणसं उरली होती जेमतेम तेरा हजार.

तिथे पालिका बुडली म्हणून कर्ज माफ होत नाही. ते राहिलेल्यांनी फेडायचं. कर आणि पाणीपट्टी वाढली, कर्मचारी निम्म्याहून कमी झाले, ग्रंथालय बंद झालं. १७१ खाटांच्या रुग्णालयाचा १९ खाटांचा दवाखाना झाला. सात प्राथमिक शाळांची एकच शाळा उरली. २०१९ मध्ये रेल्वेही गेली. ज्यांना जमलं ते गाव सोडून गेले. आज वस्ती सात हजारांच्याही आत आहे.

गंमत बघा, याच गावच्या खरबुजांच्या जोडीला २०१९ च्या लिलावात ५० लाख येन मिळाले. म्हणजे माती नापीक नव्हती, माणसंही आळशी नव्हती.

म्हणून कुठल्याही पालिकेचं बजेट "शिलकी" आहे असं ऐकलं की एवढंच विचारा: ही शिल्लक खरी की उसनी? कारण सही करणारे निवृत्त होतात. हप्ते गावाच्या वाट्याला येतात.