एका मालाचे अनेक दर : संगणकीय हिशेबातील दरश्रेणींची मांडणी

सांगलीच्या गणपती पेठेतील घाऊक किराणा दुकान असो वा साताऱ्यातील कृषी सेवा केंद्र, एकाच मालाचा दर सर्व गिऱ्हाइकांना सारखा नसतो. दारात आलेल्या किरकोळ गिऱ्हाइकाला एक दर, तासगाव, कवठेमहांकाळ किंवा कोरेगावच्या दुकानदाराला दुसरा, आणि पन्नास खोकी एकदम उचलणाऱ्याला तिसरा. दरांची ही उतरंड पूर्वी मालकाच्या डोक्यात आणि दिवाणजीच्या वहीत असे. मालक स्वतः गल्ल्यावर बसलेला असेपर्यंत हे निभावते. तो परगावी गेला किंवा जुना दिवाणजी काम सोडून गेला, की बिल करणारा मुलगा त्याच गिऱ्हाइकाचे मागचे बिल शोधून त्यावरील दर उचलतो. ते बिल तीन महिन्यांपूर्वीचे असेल आणि मधल्या काळात कंपनीने भाव वाढवला असेल, तर त्या बिलातील नफा तेथेच संपला. उलट जुन्या गिऱ्हाइकाला चुकून किरकोळ दर लागला, तर तो भांडत नाही. पुढच्या वेळी शेजारच्या दुकानात जातो.

ही अडचण दूर करण्याची सोय हिशेबाच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिला ‘प्राइस लेव्हल’ म्हणजे दरश्रेणी म्हणतात. सोय जुनी असली, तरी अनेक दुकानांत ती बंदच ठेवलेली असते. १ एप्रिल २००५ रोजी राज्यात मूल्यवर्धित कर लागू झाला, तेव्हा बऱ्याच लहान व्यापाऱ्यांनी करसल्लागाराच्या आग्रहाखातर संगणक घेतला. साहजिकच सॉफ्टवेअरकडे ‘विवरणपत्र भरण्याचे साधन’ म्हणूनच पाहिले गेले, आणि मालाच्या साठ्याशी संबंधित भाग दुर्लक्षित राहिला.

या भागातील व्यापाऱ्यांच्या सर्वाधिक परिचयाचे सॉफ्टवेअर म्हणजे ‘टॅली’. श्यामसुंदर गोएंका आणि त्यांचे पुत्र भरत गोएंका यांनी १९८६ मध्ये बंगळूर येथे त्याची सुरुवात केली. भरत गोएंका यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी ‘टॅली प्राइम’ ही आवृत्ती आली. ‘बिझी’, ‘मार्ग’ आणि मोबाईलवर चालणारे ‘व्यापार’ ही अन्य नावेही परिचित आहेत. अमेरिकेतील ‘क्विकबुक्स’मध्येही प्राइस लेव्हलची सोय आहे, मात्र त्याची भारतातील सेवा २०२३ मध्ये बंद झाली. प्रत्येकाचे पडदे वेगळे असले, तरी तत्त्व एकच आहे.

आधी कागदावर

दरात फरक पडण्याची कारणे चार असतात : गिऱ्हाईक कोण, माल किती, दर कोणत्या तारखेपासून आणि मालाची प्रत कोणती. यांपैकी पहिले कारण दरश्रेणीचे, दुसरे परिमाणाच्या टप्प्याचे आणि तिसरे लागू दिनांकाचे आहे. चौथ्याचा दरश्रेणीशी काहीही संबंध नाही. येथेच बहुतेकांची गल्लत होते. तासगाव आणि सांगलीच्या बाजारातील बेदाण्याचे उदाहरण घ्या. हिरवा, पिवळा आणि काळा बेदाणा यांचे भाव वेगवेगळे असतात. एकच ‘बेदाणा’ हा माल उघडून त्याला हिरवा, पिवळा, काळा अशा तीन दरश्रेणी दिल्या, तर बिले बरोबर होतील. पण कोणता बेदाणा किती शिल्लक आहे, हे संगणक कधीच सांगू शकणार नाही. प्रत वेगळी असेल, तर माल वेगळा उघडावा.

श्रेणींची संख्या जितकी कमी तितकी बरी. किरकोळ, दुकानदार आणि घाऊक एवढ्या तीन श्रेणींत लहान दुकानाचे काम भागते. प्रत्येक मर्जीतल्या गिऱ्हाइकासाठी स्वतंत्र श्रेणी उघडणे म्हणजे वहीतला गोंधळ संगणकात नेणे होय.

टॅलीमधील पद्धत

प्रथम ‘एफ ११’ ही कळ दाबून ‘मल्टिपल प्राइस लेव्हल्स’ हा पर्याय सुरू करावा आणि श्रेणींची नावे नोंदवावीत. त्यानंतर ‘प्राइस लिस्ट’ म्हणजे दरपत्रक तयार करता येते. ते मालाच्या गटानुसार किंवा वर्गानुसार भरता येत असल्याने शंभर वस्तूंसाठी शंभर वेळा पडदा उघडावा लागत नाही. श्रेणी निवडावी, दर लागू होण्याचा दिनांक घालावा; मग प्रत्येक मालासमोर परिमाणाचा टप्पा, दर आणि सूट यांचे रकाने येतात.

समजा, अंघोळीच्या साबणाच्या एका खोक्याचा दुकानदारांसाठीचा दर दहापेक्षा कमी खोक्यांना ९६० रुपये, दहा ते एकोणपन्नास खोक्यांना ९४५ आणि त्यापुढे ९३० आहे. टप्प्याच्या दुसऱ्या रकान्याचा अर्थ ‘पर्यंत’ नसून ‘पेक्षा कमी’ असा आहे, हे ध्यानात ठेवावे. नऊ खोक्यांपर्यंत पहिला दर हवा म्हणून तेथे ९ हा आकडा घातला, तर नऊ खोकी घेणाऱ्यालाही दुसऱ्या टप्प्याचा स्वस्त दर लागेल. तेथे १० लिहिले पाहिजे. शेवटच्या टप्प्यात हा रकाना मोकळा सोडावा.

शेवटचे काम म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या खात्यात त्याची श्रेणी नोंदवणे. ते झाले, की बिलात गिऱ्हाइकाचे नाव निवडताच श्रेणी, आणि माल व नग भरताच दर आपोआप येतो.

भाव बदलला की जुन्या दरपत्रकातील आकडा खोडू नये. नव्या दिनांकाचे नवे दरपत्रक करावे. जुने दर त्यांच्या तारखांसह जागेवर राहतात आणि बिलाच्या तारखेप्रमाणे योग्य दर निवडला जातो. मागील तारखेचे बिल आज केले, तरी त्याला त्या दिवसाचाच दर लागतो. गिऱ्हाइकाने सहा महिन्यांनी दराबद्दल तक्रार केली, तर उत्तर देता येते ते यामुळेच.

कराचा घोळ

दरपत्रकातील आकडा करासहित आहे की करविरहित, हे सुरुवातीलाच ठरवणे आवश्यक आहे. २२ सप्टेंबर २०२५ रोजी वस्तू व सेवा कराचे दर बदलले, त्या वेळी याचे महत्त्व अनेकांना कळले. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटे यांवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ११८ रुपयांना विकल्या जाणाऱ्या वस्तूची मूळ किंमत १०० रुपये होती. ती आता १०५ रुपयांना मिळावयास हवी. ज्यांचे दरपत्रक करविरहित होते, त्यांनी मालाच्या नोंदीतील कराचा दर बदलताच बिल १०५ रुपयांचे झाले. ज्यांनी ११८ हाच करासहित आकडा ठेवला होता, त्यांच्या संगणकाने मात्र ११८ मधून ५ टक्के कर वजा करून ११२ रुपये ३८ पैसे ही मूळ किंमत धरली. गिऱ्हाइकाला एका पैशाचाही लाभ झाला नाही आणि दुकानदाराच्या ते लक्षातही आले नाही!

रोख आणि उधारी यांसाठी दोन श्रेणी ठेवण्याची पद्धतही काही ठिकाणी आढळते. ती टाळलेली बरी. ‘रोख’ म्हणून बिल झाले आणि पैसे महिन्याने आले, असे पेठेत नेहमीचेच आहे. त्यापेक्षा दर एकच ठेवून रोखीची सूट बिलातच वेगळी दाखवावी. बिलात दाखवलेली सूट करपात्र मूल्यातून वजा होते. नंतर दिलेल्या सुटीसाठी क्रेडिट नोट आणि तिच्या अटी सांभाळाव्या लागतात. गाडीभाड्याचेही तसेच : जतला पोहोच माल द्यायचा म्हणून नवी श्रेणी उघडण्याऐवजी भाडे बिलात स्वतंत्र लिहावे.

साठ्याचे मूल्य वेगळे

दरपत्रक विक्रीसाठी असते, ताळेबंदासाठी नव्हे. शिल्लक साठा खरेदीची किंमत किंवा अपेक्षित निव्वळ विक्रीमूल्य, यांपैकी जे कमी असेल त्याने मोजावा, असा लेखाशास्त्राचा नियम आहे. वरील साबणाच्या खोक्याची खरेदी ८५० रुपयांची आणि शिल्लक ५०० खोकी असतील, तर साठा ४ लाख २५ हजारांचा. ९३० या विक्रीदराने मोजल्यास तो ४ लाख ६५ हजार दिसतो. न झालेल्या ४० हजारांच्या नफ्यावर कर भरण्याची पाळी येते, आणि कॅश क्रेडिटसाठी बँकेला दिलेले साठ्याचे विवरणही फुगते. बँकेच्या तपासणीत ते उघड झाल्यास दुकानदाराची पत जाते. म्हणून मालाच्या नोंदीतील मूल्यांकनाची पद्धत सरासरी किंमत किंवा ‘आधी आलेला माल आधी गेला’ यांपैकी एक ठेवावी.

सोय कोठे चालत नाही

प्रत्येक धंद्याला दरश्रेणी उपयोगी पडतेच असे नाही. हळद आणि बेदाण्याचे दर सौद्यात ठरतात. अडत्याला दरपत्रक करून उपयोग नाही. त्याने सौद्याचा दर थेट पट्टीत भरावा. मात्र येथे एककाचा घोळ संभवतो. हळदीचा भाव क्विंटलवर, तर बेदाण्याचा किलोवर बोलला जातो आणि बेदाणा भरला जातो पंधरा किलोच्या बॉक्समध्ये. किलोचा दर बॉक्सच्या रकान्यात गेला, की पंधरा बॉक्सचा माल एका बॉक्सच्या किमतीत बाहेर पडतो.

मिरजेसारख्या वैद्यकीय पेठेतील औषध विक्रेत्यांची गोष्ट निराळी. तेथे घाऊक विक्रेत्याचा दर, दुकानदाराचा दर आणि कमाल किरकोळ किंमत ही उतरंड आधीच ठरलेली असते. अडचण येते ती बॅचची. एकाच गोळीच्या दोन बॅचवर दोन छापील किमती असू शकतात. अशा ठिकाणी बॅचनिहाय किंमत ठेवणारी व्यवस्था हवी.

कृषी सेवा केंद्रांत कीटकनाशके आणि ठिबकच्या सुट्या भागांसाठी श्रेणी उपयुक्त ठरतात. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीची किंमत मात्र केंद्र सरकार ठरवते. पाकीटबंद मालाला छापील कमाल किमतीची मर्यादा आहे. २०११ च्या वैधमापन नियमांनुसार तीपेक्षा जास्त दराने विक्री करता येत नाही, मग संगणकातील श्रेणी काहीही सांगो. त्यामुळे नवे दरपत्रक लागू करण्यापूर्वी त्याची छापील प्रत काढून किरकोळ श्रेणीचा प्रत्येक आकडा मालावरील किमतीशी ताडून पाहावा, आणि बिल करताना दर बदलण्याची मुभा एकाच माणसाकडे ठेवावी.