आखूड गुणसूत्राची गोष्ट

शाळेत रक्ताचा पाठ शिकवताना आपण सांगतो की, पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात. मग त्या जितक्या जास्त तितके चांगले, असे एखाद्या विद्यार्थ्याने म्हटले तर? उत्तरादाखल आपण त्याला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाचा इतिहास सांगू शकतो. या रोगात हाडांच्या मगजातील पेशी बेसुमार वाढतात आणि रक्तात पांढऱ्या पेशींची गर्दी होते.

१८४५ साली एडिनबरोत बेनेट यांनी आणि बर्लिनमध्ये व्हिर्चो यांनी अशा रुग्णांची वर्णने स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. 'पांढरे रक्त' या अर्थाचे ल्युकेमिया हे नाव व्हिर्चो यांनी दिले. नाव मिळाले, पण कारण शंभर वर्षांहून अधिक काळ कळले नाही.

१९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात नोवेल आणि हंगरफोर्ड यांना एक सुगावा लागला. नोवेल यांनी काचपट्ट्या नळाच्या पाण्याने धुतल्या होत्या. त्यामुळे पेशी फुगल्या आणि आतली गुणसूत्रे सुटी सुटी दिसू लागली. रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड होते. त्याला 'फिलाडेल्फिया गुणसूत्र' म्हणू लागले.

पण हे रोगाचे कारण की परिणाम? दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही.

पुढचा धागा शिकागोत सापडला. जॅनेट रौली घरच्या जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रांची छायाचित्रे कापून जुळवीत बसत. नव्या रंगद्रव्यांमुळे गुणसूत्रांवरचे पट्टे दिसू लागले होते. आखूड गुणसूत्र २२ क्रमांकाचे होते. त्याचा तुकडा हरवला नव्हता, तो ९ क्रमांकाच्या गुणसूत्राला जोडला गेला होता. हे त्यांनी १९७३ साली जाहीर केले. या अदलाबदलीत दोन जनुके एकमेकांना चिकटून बीसीआर-एबीएल हे नवे जनुक तयार होते, असे १९८० च्या दशकात कळले. त्यापासून बनणारे प्रथिन म्हणजे कधीही बंद न होणारे बटण. ते पेशीला 'वाढ' असा हुकूम सतत देत राहते. १९९० साली हे जनुक उंदरांच्या मगजातील पेशींत घालून पाहिले, तेव्हा त्यांना तसाच रोग झाला. कारण की परिणाम, याचे उत्तर मिळाले.

आता हे बटण बंद करायचे होते. ते प्रथिन एटीपी या रेणूकडून फॉस्फेट घेऊन काम करते. एटीपीची जागा अडवणारे इमॅटिनिब हे औषध एका स्विस कंपनीत तयार झाले. लायडन आणि ड्रुकर यांनी ते पुढे नेले. १९९८ साली रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या. पुरेशी मात्रा घेतलेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांच्या रक्तातील पेशींचे प्रमाण पूर्ववत झाले. २००१ साली अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. आज वेळेवर निदान झालेले आणि नियमित गोळी घेणारे बरेच रुग्ण जवळजवळ सर्वसामान्य आयुष्य जगतात. काहींना मात्र हे औषध लागू पडेनासे होते; त्यांच्यासाठी पुढची औषधे आली आहेत.

औषध निघाले म्हणून ते रुग्णापर्यंत पोहोचतेच असे नाही. भारतात मूळ कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे सव्वा लाख रुपये होता, तर भारतीय कंपन्यांच्या औषधाचा आठ-दहा हजार. या औषधाच्या एका स्फटिकरूपावर मागितलेले पेटंट १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नाकारले आणि स्वस्त गोळ्यांची वाट मोकळी राहिली.

आखूड गुणसूत्र दिसल्यापासून गोळी हाती येईपर्यंत ४१ वर्षे गेली. नोवेल किंवा रौली औषध शोधायला बसले नव्हते; पेशीत काय दिसते ते नीट पाहत होते. वर्गात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणाऱ्या मुलांना आपण एवढेच विचारावे : काय दिसले? आणि ते कारण आहे की परिणाम, हे कसे ठरवाल?