भातखाचरातील स्फुरदाची गोष्ट

रत्नागिरी जिल्ह्यातील तांबडी माती जांभ्याची. हा दगड विटांसारखा कापता येतो, म्हणून फ्रान्सिस बुकॅननने 1807 साली केरळातील अशाच दगडाला विटेच्या लॅटिन शब्दावरून 'लॅटेराइट' हे नाव दिले. मातीचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडांचा. स्फुरदाची कथाही या लोहाभोवतीच फिरते.

1842 मध्ये इंग्लंडात जॉन बेनेट लॉझने सुपर फॉस्फेटचे पेटंट घेतले. पाण्यात विरघळणारे स्फुरद पिकाला लगेच मिळेल, ही त्यामागची कल्पना. पण आम्लधर्मी तांबड्या मातीत ते लोह व ॲल्युमिनियम यांच्याशी जखडले जाते आणि पिकाच्या वाट्याला थोडेच येते. मग अशाच जमिनीत भात स्फुरदासाठी इतर पिकांइतके अडून का राहत नाही?

उत्तराचा धागा शेतात नव्हे, तळ्याच्या गाळात सापडला. इंग्लंडमधील सरोवरांच्या अभ्यासात क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी 1941-42 मध्ये दाखवून दिले की गाळाजवळचा ऑक्सिजन संपला की त्यातून लोह आणि फॉस्फेट बरोबरच बाहेर पडतात. भातखाचरात हेच घडते. श्रीलंकेचे एफ. एन. पोन्नम्पेरुमा यांनी फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत काम करून 1972 मध्ये पाण्याखालच्या मातीचे रसायनशास्त्र सविस्तर मांडले. चिखलणीनंतर मातीतला ऑक्सिजन थोड्याच वेळात संपतो. जीवाणू श्वसनासाठी लोहाच्या ऑक्साइडांचा वापर करू लागतात. फेरिक लोहाचे विद्राव्य फेरस लोह होते आणि त्याने धरलेले स्फुरद सुटते. मातीची आम्लता घटते, त्याचीही मदत होते. ॲल्युमिनियमने धरलेले स्फुरद मात्र या मार्गाने सुटत नाही.

भात कापल्यावर चित्र उलटते. जमीन सुकते, हवा आत शिरते, फेरस लोहापासून ताजे, बारीक कणांचे ऑक्साइड बनते आणि ते स्फुरदाला पूर्वीपेक्षा घट्ट धरते. त्याची झळ मागून पेरलेल्या वाल-कुळथाला लागू शकते. म्हणून सुक्या मातीच्या परीक्षणाचा एकच आकडा दोन्ही पिकांना सारखा लावता येत नाही.

हे स्फुरद मातीने जखडू नये आणि पावसाच्या लोंढ्याबरोबर वाहूनही जाऊ नये, यावर कोकणात एक उपाय रुजला. डॉ. एन. के. सावंत यांच्या चारसूत्री भात लागवडीत चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची 2.7 ग्रॅमची गोळी 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचतात. खत एका जागी राहिल्याने त्याचा मातीशी संपर्क कमी येतो. हेक्टरी 62,500 गोळ्या लागतात. एकूण खत किती, हे गणित मुलांना जरूर घालावे.

वर्गात एक प्रयोगही करता येईल. काचेच्या बरणीत तांबडी माती व चमचाभर पेंढ्याचा चुरा घालून वर चार बोटे पाणी ठेवा. काही आठवड्यांत माती आतून करडी होते, पृष्ठभागावर मात्र पातळ तांबूस थर राहतो. तो तिथेच का राहिला, हे मुलांना विचारा.