उजळणीचे वेळापत्रक कधी बदलावे?

पाठ केलेले किती लवकर विसरते, हे मोजून पाहण्याचे कष्ट प्रथम जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी घेतले. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या ते स्वतःच पाठ करीत आणि काही काळाने पुन्हा पाठ करताना किती वेळ वाचला ते मोजीत. १८८५ साली त्यांनी आकडे प्रसिद्ध केले. वीस मिनिटांनी ही बचत सुमारे ५८ टक्के, एका दिवसाने ३४ आणि महिन्याने २१. विसरणे आधी झपाट्याने होते, मग मंदावते.

१९७२ मध्ये सेबास्टियान लाइटनर यांनी यावर कप्प्यांची पेटी सुचवली. उत्तर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकले की पहिल्यात. पुठ्ठ्याची अशी पेटी कुठल्याही वर्गात करता येईल.

पोलंडमधील पोझ्नान येथे शिकणाऱ्या पिओत्र वोझ्नियाक यांनी १९८५ मध्ये इंग्रजी शब्दांच्या वह्यांवर स्वतःचीच परीक्षा घेतली. त्यातून १, ७, १६ आणि ३५ दिवसांची अंतरे निघाली, आणि पुढे दुप्पट. १९८७ मध्ये त्यांनी हे काम संगणकावर नेले. प्रत्येक कार्डाचा गुणक उत्तरागणिक बदले, पण सूत्रातले स्थिरांक सर्वांना सारखेच. एका माणसाच्या स्मरणावरून बेतलेला अंगरखा सगळ्यांनी घालायचा, असाच हा प्रकार! २००६ मध्ये आलेल्या 'अंकी' या मोफत प्रणालीनेही हीच पद्धत उचलली. २०२३ पासून मात्र अंकीत, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या उत्तरांवरून स्थिरांक काढण्याची सोय झाली. म्हणून नवा प्रश्न आला: ते पुन्हा कधी काढायचे?

आपण साधे गणित करून पाहू. समजा, शंभरात नव्वद उत्तरे आठवावीत असे ठरवले आहे आणि रोज वीस कार्डे पाहतो. सरासरी दोन चुकतील. पण स्मरणात काहीही बदल न होता, निव्वळ योगायोगाने, चार किंवा अधिक कार्डे चुकण्याची वेळ सात-आठ दिवसांतून एकदा येतेच. त्या दिवशी घाबरून वेळापत्रक बदलणारा विद्यार्थी योगायोगालाच नियम समजतो. महिन्यात ६०० उत्तरे जमतात. त्यांत ६० चुका अपेक्षित, आणि साधारण सातचा फरक इकडेतिकडे. दिवसाच्या नोंदीत जी अनिश्चितता जवळजवळ सात टक्के होती, ती सव्वा टक्क्यावर येते. शिवाय ३५ दिवसांनी येणाऱ्या कार्डाबद्दल सूत्र बरोबर होते की नाही, हे ३५ दिवस गेल्याशिवाय कळणार कसे?

अंकीची माहितीपुस्तिकाही महिन्यातून एकदा असेच सुचवते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने काही शे उत्तरे जमेपर्यंत मूळ स्थिरांक तसेच ठेवावेत. वर्षभरात ७,२०० उत्तरे साठली की नवा महिना त्यात जेमतेम आठ टक्के भर घालतो; मग दोन-तीन महिन्यांनी केले तरी चालते.