मुद्दाम सोडलेला झेल

बेसबॉलच्या नियमपुस्तकात 'इनफिल्ड फ्लाय' नावाचा एक नियम आहे. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला तो पहिल्यांदा वाचताना छपाईची चूक वाटावी. या नियमानुसार झेल घेतला जाण्याआधीच, चेंडू हवेत असतानाच, अंपायर बॅटरला बाद देऊन मोकळा होतो. नंतर झेल सुटला तरी निर्णय बदलत नाही.

परिस्थिती अशी असते. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर एकेक रनर आहे (किंवा तिन्ही बेस भरलेले आहेत) आणि दोनपेक्षा कमी जण बाद झाले आहेत. बॅटर चेंडू उंच उडवतो, पण जवळच, इनफिल्डच्या वर. आपण गल्लीत ज्याला लॉलीपॉप कॅच म्हणतो तसा. झेल घेतला गेला तर रनरना आपापल्या बेसवर परतावं लागतं, म्हणून ते बेसपासून फार लांब जात नाहीत. पण झेल सुटला तर सगळं उलटं होतं. बॅटर पहिल्या बेसकडे धावतो, त्यामुळे पहिल्यावरच्याला दुसरा आणि दुसऱ्यावरच्याला तिसरा बेस गाठावाच लागतो. आता क्षेत्ररक्षक चलाख असेल तर तो सोपा झेल मुद्दाम खाली पडू देईल, उचलून तिसऱ्या बेसकडे फेकेल, तिथून चेंडू दुसऱ्याकडे जाईल आणि एकाऐवजी दोघे बाद होतील. आपलं काम न करण्याचं बक्षीस म्हणून!

व्यावसायिक खेळाडू ही युक्ती सर्रास वापरू लागले, तेव्हा 1890च्या दशकाच्या मध्यावर नियम आला आणि 1901मध्ये त्याची व्याप्ती वाढली. हा नियम पुढे इतका गाजला, की 1975मध्ये 'युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनिया लॉ रिव्ह्यू'मध्ये त्याच्यावर कायद्याच्या अंगाने, अर्धवट थट्टेत, एक लेख छापला गेला. तो लेख आजही अमेरिकेतले वकील एकमेकांना सांगतात.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे मला या नियमाची रचना फार आवडते. तो क्षेत्ररक्षकाच्या मनात शिरत नाही. 'तू मुद्दाम सोडलास का?' असं विचारतच नाही. 'साधारण प्रयत्नात' हा झेल घेता आला असता का, एवढंच अंपायर बघतो, आणि लबाडीतून मिळणारा फायदाच काढून घेतो. त्यातही साधारण प्रयत्न म्हणजे त्या पातळीवरच्या सरासरी खेळाडूचा प्रयत्न. मोठ्या लीगमध्ये जो झेल डोळे मिटून घेतला जाईल, तो नऊ वर्षांच्या मुलांच्या सामन्यात सोपा असेलच असं नाही. तिथल्या अंपायरला समोरची मुलं बघूनच हात वर करायचा की नाही हे ठरवावं लागतं.

मुलांकडे बघून नियम ठरवणं, हीच मुळात लिटल लीगची कल्पना होती. पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट गावच्या कार्ल स्टॉट्झने 1938च्या उन्हाळ्यात आपले भाचे आणि शेजारची पोरं गोळा करून मैदानाची मापं करून पाहिली. मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये दोन बेसमधलं अंतर 90 फूट. लहान मुलाने चेंडू टाकून तिथवर पोचवेपर्यंत रनर कधीच पोचलेला असतो. स्टॉट्झने ते 60 फुटांवर आणलं. डावही नऊऐवजी सहा केले. 6 जून 1939 रोजी पहिला सामना झाला, त्यात लंडी लंबरने लायकमिंग डेअरीला 23–8 असं हरवलं. पिचरने टाकलेला चेंडू बॅटरपर्यंत पोचेस्तोवर रनरने बेस सोडायचा नाही, हा लिटल लीगचा नियमही त्याच विचारातला. लहान मुलाच्या हाताला आणि पायाला न्याय मिळावा म्हणून केलेला.

या पुस्तकात आणखी एक छोटी तरतूद आहे. एखाद्या संघाने मैदानावर येऊन खेळायला नकार दिला, तर मुख्य अंपायर सामना समोरच्या संघाला बहाल करतो आणि धावसंख्या लिहिली जाते 6–0. सहा डावांचा खेळ, म्हणून डावाला एक याप्रमाणे सहा. मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये हाच आकडा 9–0 असतो. आपल्याकडे कबड्डी-खोखोच्या स्पर्धांत 'पुढे चाल' देतात, तसंच हे. नीट पाहिलं तर ही तरतूद इनफिल्ड फ्लायची सख्खी बहीण आहे. जो आपलं काम करणार नाही, त्याला त्याचा फायदा मिळू नये, एवढंच दोन्ही नियम सांगतात.

1955च्या उन्हाळ्यात साउथ कॅरोलायनामध्ये या तत्त्वाची परीक्षा झाली.

चार्ल्स्टन शहरातल्या कॅनन स्ट्रीट वायएमसीएने दोन वर्षांपूर्वी कृष्णवर्णीय मुलांची लीग सुरू केली होती. लिटल लीगच्या नियमांत वर्णावरून बंदी नव्हती, म्हणून 1955मध्ये त्यांनी आपल्या निवडक मुलांचा संघ शहराच्या स्पर्धेत उतरवला. आदल्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला वर्णभेद घटनाविरोधी ठरवला होता आणि दक्षिणेत त्याविरुद्ध संताप धुमसत होता. गोऱ्या मुलांच्या संघांनी माघार घेतली. कॅनन स्ट्रीटची मुलं न खेळताच राज्य स्पर्धेत पोचली. तिथे 61 गोरे संघ बाहेर पडले. राज्याच्या संचालकाला गोऱ्यांसाठी वेगळी स्पर्धा हवी होती. विल्यम्सपोर्टच्या मुख्यालयाने ते नाकारलं, तेव्हा त्याने राजीनामा दिला आणि फक्त गोऱ्या मुलांसाठी दुसरी लीग काढली. तीच पुढे 'डिक्सी यूथ बेसबॉल' या नावाने दक्षिणेत पसरली.

इथवर नियमपुस्तक शाबूत होतं. जे खेळले नाहीत ते हरले, आणि कॅनन स्ट्रीटचा संघ राज्याचा विजेता ठरला. पुढचा टप्पा जॉर्जियातल्या रोम गावी, विभागीय स्पर्धेचा. तिथे जिंकले असते तर थेट विल्यम्सपोर्टची जागतिक मालिका. पण लिटल लीगचे अध्यक्ष पीटर मॅकगव्हर्न यांनी निर्णय दिला, की हा संघ पुढे जाऊ शकत नाही. कारण? तो मैदानावर जिंकून आलेला नाही, प्रतिस्पर्ध्यांच्या माघारीमुळे आला आहे.

हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. विजेतेपद खेळून मिळवावं, हे कुठलाही खेळाडू मान्य करेल. मुख्यालयाने वेगळ्या स्पर्धेची मागणी धुडकावली होती, हेही त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. पण कॅनन स्ट्रीटच्या मुलांनी खेळायला नकार दिला नव्हता. 61 संघांनी झेल मुद्दाम खाली टाकला होता, आणि तसं केल्यामुळे त्यांना हवं होतं तेच मिळालं: कृष्णवर्णीय मुलांचा संघ स्पर्धेबाहेर. साठ वर्षांपूर्वी बेसबॉलने मैदानावरची ही युक्ती ओळखून बंद केली होती. मैदानाबाहेर तीच युक्ती घडली, तेव्हा मात्र हात वर करायला कुणी नव्हतं. आणि मैदानावरच्या अंपायरला तो करताही आला नसता, कारण सामनाच नव्हता.

वेगळं काही होऊ शकत नव्हतं असंही नाही. त्याच ऑगस्टमध्ये फ्लॉरिडात पेन्साकोला जेसीज हा कृष्णवर्णीय मुलांचा संघही विरोधी संघांच्या माघारीमुळेच राज्य स्पर्धेपर्यंत पोचला. तिथे ऑर्लँडोच्या गोऱ्या मुलांसमोर प्रश्न आला, खेळायचं की नाही. मुलांनी खेळायचं ठरवलं. 9 ऑगस्टला सामना झाला आणि ऑर्लँडो 5–0ने जिंकलं. म्हणजे पेन्साकोलाची मुलं हरली. पण ती चेंडूमुळे हरली, स्ट्राइक चुकल्यामुळे हरली. बारा वर्षांच्या मुलाला एवढं तरी मिळायला हवं.

कॅनन स्ट्रीटच्या मुलांना विल्यम्सपोर्टला बोलावलं गेलं, पण पाहुणे म्हणून. बसने लांबचा प्रवास करून ती पोचली. त्यांना सामन्याआधी मैदानावर सराव करू दिला. मुलं चेंडू पकडत होती, फेकत होती, आणि प्रेक्षकांतून आवाज उठू लागला: त्यांना खेळू द्या! मग त्यांना स्टँडमध्ये नेऊन बसवण्यात आलं. गणवेश घालून त्यांनी दुसऱ्यांचा सामना पाहिला. ती परतीच्या वाटेवर होती त्याच सुमारास, 28 ऑगस्टला, मिसिसिपीमध्ये चौदा वर्षांच्या एमेट टिलची हत्या झाली. तो या मुलांपेक्षा फार तर दोन वर्षांनी मोठा. दक्षिणेतल्या घरी परतणाऱ्या मुलांच्या आईबापांनी ती बातमी कशी वाचली असेल, हे वेगळं सांगायला नको.

त्या वेळी कुणी दुष्टपणाने नियम मोडला असता तर समजायला सोपं गेलं असतं. इथे नियम पाळला गेला. माझ्या कामात आम्ही प्रोग्रॅम तपासताना वापरणारा माणूस चुकला तर काय होईल हे बघतो, पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न असतो, की कुणी ठरवून चुकला तर त्याचा भुर्दंड कुणाला बसेल. इनफिल्ड फ्लायच्या नियमात भुर्दंड रनरवर पडू नये याची काळजी घेतली आहे. 1955च्या निर्णयात तो बसमधून आलेल्या मुलांवर पडला. न्यायाचं तत्त्व त्याच पुस्तकात, काही पानांपलीकडे, छापलेलं होतं.

2002मध्ये लिटल लीगने ही चूक आपल्या परीने दुरुस्त केली. तेव्हा साठीकडे झुकलेल्या त्या खेळाडूंना विल्यम्सपोर्टला बोलावून 1955च्या राज्य विजेतेपदाचा बॅनर दिला. तो त्यांच्या हक्काचाच होता. पण त्या बॅनरच्या मागे खेळलेल्या एकाही सामन्याची धावसंख्या नाही. पेन्साकोलाच्या मुलांकडे 5–0 तरी आहे.